तारेतले शून्य, अंकातले शून्य

विज्ञान दिनाच्या भाषणांत, शाळांच्या भित्तिपत्रकांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत एक विधान इतक्यांदा भेटते, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. भारताने जगाला शून्य दिले. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालतो. म्हणून भारताने शून्य दिले नसते, तर संगणक झालाच नसता. मी बरीच वर्षे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाची रचना हे विषय शिकवत आलो आहे. पहिल्या तासाला ‘संगणक म्हणजे काय?’ असे विचारले, की याच विधानाचे मधले वाक्य उत्तर म्हणून येते, वर्ग समाधानाने माना डोलावतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. जिथून विषय सुरू व्हायचा, तिथेच तो संपलेला असतो. या विधानाला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी. त्याने संगणक समजत नाही, आणि शून्याची थोरवीही समजत नाही.

पूर्वपक्ष

वाद करायचा तर समोरच्याचे म्हणणे त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात मांडावे, ही आपल्या शास्त्रपरंपरेची शिस्त आहे. तेव्हा पूर्वपक्ष असा.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्याला संख्या मानून त्याच्या बेरजेचे, वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम सांगितले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. ही दहा चिन्हांची लेखनपद्धती अरबी विद्वानांनी उचलली. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या नावाचे लॅटिन रूप पुढे ‘अल्गोरिदम’ या शब्दात उतरले. १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, ती युरोपातल्या व्यापाऱ्यांपुढे ठेवली. १७०३ मध्ये लायब्निट्झने केवळ ० आणि १ वापरून सर्व संख्या लिहिण्याची द्विमान पद्धत प्रसिद्ध केली. आजचे प्रोसेसर हिशेब करतात ते द्विमान पद्धतीनेच. साखळी अखंड आहे. पहिली कडी काढली तर शेवटची कशाला लटकणार?

यातले एकेक वाक्य खरे आहे. आक्षेप आहे तो त्यांना जोडणाऱ्या ‘म्हणून’ला.

लक्षणाची परीक्षा

न्यायशास्त्रात एखाद्या वस्तूचे लक्षण सांगितले, की ते दोषांसाठी पारखतात. ज्याला लागू व्हायला हवे त्यातल्या काहींना ते लागू होत नसेल, तर अव्याप्ती. ज्याला लागू व्हायला नको त्यालाही लागू होत असेल, तर अतिव्याप्ती. ‘शून्य आणि एक या अंकांवर चालते ते यंत्र म्हणजे संगणक’ या लक्षणात हे दोन्ही दोष आहेत.

आधी अव्याप्ती. चार्ल्स बॅबेजने १८३०च्या दशकात आखलेले ‘ॲनालिटिकल एंजिन’ पाहा. संख्या ठेवायचे कोठार एकीकडे, हिशेब दळणारी गिरणी दुसरीकडे, कामाचा क्रम सांगणारी भोकांची कार्डे तिसरीकडे, आणि आलेल्या उत्तरावरून पुढचा क्रम बदलण्याची सोय. संगणकाच्या रचनेचा सांगाडा इथे उभा आहे. ते एंजिन पुरे बांधून झाले नाही, पण आराखड्यातले त्याचे प्रत्येक चाक दहा जागी थांबणारे होते. हिशेब पूर्णपणे दशमान.

फिलाडेल्फियात १९४५च्या अखेरीस चालू झालेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्याच्या २० संचयकांपैकी प्रत्येकात दहा अंकी दशमान संख्या मावत असे. एकेका अंकासाठी दहा फ्लिप-फ्लॉपचे, म्हणजे चालू किंवा बंद अवस्था धरून ठेवणाऱ्या सर्किटांचे, एक कडे असे; त्यातला एका वेळी एकच चालू, आणि कितवा चालू आहे यावरून अंक ओळखायचा. म्हणजे शून्य हा अंक दाखवायलासुद्धा तिथे एक फ्लिप-फ्लॉप चालू लागे. आयबीएमचा १६२० हा संगणकही दशमान होता. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आला तो हाच. त्याच्या पहिल्या रूपात बेरजेचे स्वतंत्र सर्किटच नव्हते. बेरजेचे आणि गुणाकाराचे तक्ते मेमरीत ठरलेल्या जागी भरून ठेवायचे, आणि यंत्राने पाढे पाहून उत्तर काढायचे. मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांनी १९५८ मध्ये बांधलेला ‘सेतुन’ तर उणे एक, शून्य आणि अधिक एक अशा तीन अंकांवर चालायचा. हे सारे संगणक आहेत, आणि आपल्या लक्षणात यातला एकही बसत नाही.

आता अतिव्याप्ती. घराच्या जिन्यातला दिवा घ्या. एक बटण खाली, एक वर. कुठलेही दाबले तरी दिव्याची अवस्था उलटते. दोन्ही बटणे एकाच बाजूला असली तर दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूंना असली तर चालू, अशी जोडणी करता येते. द्विमान बेरजेत एकंस्थानचा अंक काढणारे सर्किट नेमके हेच करते. तरी जिन्यातल्या दिव्याला कुणी संगणक म्हणत नाही. जॅकार्डच्या मागावर भोक आहे की नाही यावरून धागा वर उचलायचा की नाही हे ठरे. त्यालाही कुणी संगणक म्हणत नाही. दोन अवस्था असणे ही फार सामान्य गोष्ट आहे.

इथे पूर्वपक्षी म्हणेल, एनिॲकचे फ्लिप-फ्लॉप दोन अवस्थांचेच होते की, आणि १६२० मध्येही प्रत्येक अंक आतून बिटांतच ठेवलेला असे! बरोबर आहे. पण हे मान्य करताना त्याच्या हातून एक गोष्ट सुटते. सुट्या भागांच्या दोन अवस्था आणि दोन अंकांची संख्यापद्धती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भाग दोन अवस्थांचे असूनही यंत्र दशमान असू शकते. मग त्या अवस्थांना ‘शून्य’ आणि ‘एक’ कोण म्हणतो, आणि कशाच्या आधारावर?

तारेतले शून्य

‘वीज आहे म्हणजे एक, वीज नाही म्हणजे शून्य’ असे पुस्तके सांगतात. प्रयोगशाळेत ब्रेडबोर्डवर पहिली चिप लावली, की हे वाक्य टिकत नाही.

५ व्होल्टवर चालणाऱ्या टीटीएल जातीच्या चिपमध्ये, आत येणारा व्होल्टेज ०.८च्या खाली असेल तर तो ‘लो’ आणि २च्या वर असेल तर ‘हाय’. मधला पट्टा निषिद्ध. म्हणजे अर्धा व्होल्ट हेही शून्यच. आता त्याच चिपच्या एका इनपुटची तार काढून टाका. तिथे काहीच जोडलेले नाही. ‘नाही’ याहून जास्त काय नसणार? पण टीटीएल चिप ते ‘हाय’ म्हणून वाचते. सीमॉस जातीच्या चिपमध्ये तर मोकळ्या इनपुटचे काही ठरतच नाही. जवळ हात नेला तरी आउटपुट बदलू शकते. तार सुटलेली असणे ही शून्याहून आणि एकाहून निराळी, तिसरीच गोष्ट आहे. शून्य हवे असेल तर ती तार ग्राउंडला नीट बांधावी लागते. यंत्रातले शून्य आपोआप होत नाही, ते राखावे लागते.

जुन्या संगणकांच्या मागे जो सीरियल पोर्ट असे, त्याच्या आरएस-२३२ मानकात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य. पेन ड्राइव्हमध्ये असते त्या जातीची फ्लॅश चिप पुसून कोरी केली, की तिची सगळी बिटे ‘एक’ होतात, आणि तिच्यात लिहायचे म्हणजे हव्या त्या जागी शून्य उमटवायचे. आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेला आणि पुढे ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेला संगणक घ्या. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. अशा कड्याचे चुंबकत्व एका दिशेने फिरत असेल तर एक, उलट दिशेने फिरत असेल तर शून्य. दोन्ही वेळा चुंबकत्व तितकेच. त्या मेमरीत अभाव नावाची वस्तूच नव्हती.

तात्पर्य, तारेत शून्य नसते. तारेत दोन भिन्न, ठामपणे ओळखता येणाऱ्या अवस्था असतात. त्यांना शून्य-एक म्हणा, हो-नाही म्हणा, लघु-गुरू म्हणा. यंत्राच्या कामात काही फरक पडत नाही. क्लॉड शॅननने १९३७च्या आपल्या प्रबंधात रिले आणि स्विचच्या जाळ्यांना जॉर्ज बूलच्या तर्कगणिताशी जोडले, तेव्हा त्या दोन चिन्हांचा अर्थ होता मार्ग खुला की बंद. त्यांना संख्या मानायचे की नाही, हा पुढचा प्रश्न होता.

मग दोनच का?

याचे उत्तर शून्याच्या इतिहासात मिळत नाही, बिघाडाच्या विचारात मिळते. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढत गेलो तर दहाव्या प्रतीत अक्षरे पुसट होतात आणि डाग गडद होतात. पण पहिली प्रत वाचून कुणी ती नव्याने सुवाच्य अक्षरांत लिहून काढली, ती वाचून दुसऱ्याने पुन्हा लिहिली, तर शंभराव्या प्रतीतला ‘क’ पहिल्या प्रतीतल्याइतकाच ठसठशीत असतो. कारण लिहिणारा डागांची नक्कल करत नाही. तो अक्षर ओळखतो आणि नव्याने काढतो. चिपमधले प्रत्येक गेट, म्हणजे इनपुटवरून आउटपुट ठरवणारे छोटे सर्किट, हेच करते. ०.८च्या आत काहीही आले तरी ते ‘लो’ म्हणून ओळखते आणि पुढे सोडताना ०.४च्या आत आणून सोडते. २च्या वर काहीही आले तरी पुढे २.४च्या वर नेऊन सोडते. वाटेत साचलेली घाण प्रत्येक पायरीवर पुसली जाते. मोबाइलमधल्या प्रोसेसरात आज अब्जावधी ट्रान्झिस्टर एकामागून एक काम करतात आणि तरी उत्तर बिघडत नाही, याचे श्रेय या पुन्हा पुन्हा शुद्ध करण्याला आहे. ओळखायची अक्षरे जितकी कमी, तितकी त्यांच्यातली मोकळीक जास्त. दोनहून कमी अक्षरांनी काही लिहिता येत नाही, म्हणून दोन.

त्याला काटकसरीची जोड मिळाली. एनिॲकमध्ये दहा अंकी संख्येला १०० फ्लिप-फ्लॉप लागत. तितकीच संख्या द्विमान पद्धतीने ठेवायला ३४ पुरतात. बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४६च्या आपल्या अहवालात द्विमान पद्धतीची बाजू घेतली ती अशाच कारणांनी: भाग कमी लागतात, गुणाकार सोपा होतो आणि तर्काचे हो-नाही त्याच साच्यात बसते. हा विचारपूर्वक केलेला अभियांत्रिकी निर्णय होता. वेगळे भाग हाती असते तर निर्णय वेगळा झाला असता, आणि संगणक तरीही झाला असता.

संगणक कशाने झाला?

एनिॲक वेगवान होता, पण नवे गणित द्यायचे तर केबल उपसून पुन्हा लावाव्या लागत, शेकडो स्विच फिरवावे लागत. त्यात दिवस जात. या अडचणीतून जी कल्पना निघाली ती संगणकाच्या रचनेचा खरा पाया आहे: आज्ञासुद्धा संख्यांसारख्याच मेमरीत ठेवाव्यात. ‘एडव्हॅक’ या नियोजित संगणकावरच्या जून १९४५च्या अहवालात ती नीट मांडलेली दिसते. अहवालावर नाव एकट्या फॉन नॉयमनचे आहे. पण एनिॲक बांधणारे एकर्ट, मॉकली आणि त्यांचे सहकारी या विचारात आधीपासून गुंतलेले होते. श्रेय एका नावावर टाकण्याची घाई तिथेही झाली, आणि तिथेही ती अन्यायाची ठरली.

ही कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्ष धावली ती मँचेस्टरमध्ये, २१ जून १९४८ रोजी. विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल यांच्या त्या छोट्या यंत्राला ‘बेबी’ म्हणत. मेमरी ३२ शब्दांची, प्रत्येक शब्द ३२ बिटांचा; आणि आज्ञा अवघ्या सात प्रकारच्या. त्यात बेरजेची आज्ञा नव्हती. फक्त वजाबाकी होती, तिच्यातूनच बेरीज साधायची. वाट बदलायची कसोटी होती ती ‘उत्तर ऋण आहे का?’ अशी, ‘उत्तर शून्य आहे का?’ असे विचारणारी आज्ञा त्याला दिलेलीच नव्हती. तरी १७ आज्ञांच्या प्रोग्रॅमने ५२ मिनिटे चालून २च्या १८व्या घाताचा, ती संख्या स्वतः सोडून, सगळ्यांत मोठा विभाजक शोधून काढला. आजच्या मोबाइलची कुळी त्या यंत्राशी जुळते.

रचना समजून घ्यायची तर संगणकाचा रोजचा फेरा पाहावा. एका रजिस्टरमध्ये पुढच्या आज्ञेचा पत्ता असतो. नियंत्रण विभाग त्या पत्त्यावर जाऊन तिथला शब्द उचलतो, त्याची फोड करतो, सांगितलेल्या पत्त्यावरची संख्या आणून गणित विभागाकडे देतो, उत्तर जागच्या जागी ठेवतो आणि पत्ता एकाने पुढे सरकवतो. कधी आज्ञाच सांगते, की उत्तर असे आले तर पुढे न जाता त्या दुसऱ्या पत्त्यावर जा. आण, समज, कर, पुढे जा किंवा वळ. एवढेच. पत्ता असलेली मेमरी, तिच्यात शेजारी शेजारी राहणाऱ्या आज्ञा आणि संख्या, आणि उत्तरावरून वळण्याची मुभा, या तीन गोष्टींनी आजचा संगणक ओळखावा.

बिटांना स्वतःचा अर्थ नसतो, हेही इथेच कळते. ०१०००००१ ही आठ बिटे घ्या. संख्या म्हणून वाचली तर ६५. आस्की संकेताने वाचली तर इंग्रजी लिपीतले पहिले मोठे अक्षर. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेलेल्या ८०८५ या प्रोसेसरने आज्ञा म्हणून उचलली तर ‘सी रजिस्टरमधले बी रजिस्टरमध्ये ठेव’. बिटे तीच, अर्थ तीन. कोणता अर्थ घ्यायचा हे ती बिटे कोणत्या वाटेने प्रोसेसरात शिरली यावर ठरते, आणि ती वाट आखणे म्हणजेच संगणकाची रचना. ‘संगणकाला फक्त शून्य आणि एक कळते’ असे म्हणणे म्हणजे ज्ञानेश्वरी शाईने लिहिली आहे असे सांगून थांबण्यासारखे आहे.

कारण आणि अन्यथासिद्ध

पूर्वपक्षाची शेवटची तटबंदी उरते. थेट नसेल, पण दशमान लेखन नसते तर युरोपात गणित वाढले नसते, विज्ञान वाढले नसते आणि संगणकही झाला नसता, असे तो म्हणेल. यात तथ्य आहे आणि मी ते आनंदाने मान्य करतो. पण कारण कशाला म्हणावे, हे आपल्याच नैयायिकांनी फार बारकाईने सांगून ठेवले आहे. कार्याच्या आधी नियमाने असते आणि अन्यथासिद्ध नसते, ते कारण. घड्याचे कारण कुंभार, माती, चाक, दांडा. कुंभाराचा बाप झाला नसता तर कुंभार झाला नसता हे खरे, तरी बाप घड्याचे कारण मानला जात नाही. माती वाहून आणणारे गाढवही नाही. ते अन्यथासिद्ध. त्यांचा संबंध आहे, पण घडा घडवण्यात त्यांचा हात नाही.

संगणकाच्या मागे असे पूर्वज पुष्कळ आहेत. काच फुंकण्याची कला नसती तर व्हॅक्यूम ट्यूब नसती. व्होल्टाची बॅटरी नसती तर विजेचा अभ्यास लांबला असता. कागद नसता तर भोकांची कार्डे नसती. त्यांपैकी प्रत्येकाचा देश उठून ‘संगणक आमचा’ म्हणू लागला, तर ‘कारण’ या शब्दाला काही अर्थ उरणार नाही. शून्य हा संगणकाचा थोर, पूज्य पूर्वज आहे. संगणकाचा कुंभार म्हणून त्याला उभे केले, तर ज्यांनी तो खरोखर घडवला त्यांचे श्रम आपण पुसतो.

मंडन

नुसते खंडन करून थांबणे मला पटत नाही. शून्याचे आणि आपल्या गणिताचे संगणकात खरे स्थान कोणते, तेही सांगितले पाहिजे.

पहिले स्थान स्थानिक किमतीचे. एक अधिक एक. शून्य लिहा, हातचा एक. हातच्याची जी रीत दुसरीतली मुले शिकतात, तीच प्रोसेसरचा बेरीज विभाग पाळतो. ६४ बिटांच्या बेरजेत हातचा उजवीकडून डावीकडे ६४ घरे सरकू शकतो. त्याची वाट पाहत बसावे लागू नये म्हणून तो आधीच ओळखणारी सर्किटे बांधतात. या रचनेत पिढ्यांची हुशारी खर्ची पडली आहे. मेमरीतला पत्ताही स्थानिक किमतीवरच उभा आहे: १६ तारांनी ६५,५३६ घरे गाठता येतात, ३२ तारांनी ४,२९,४९,६७,२९६. मूठभर तारांत अफाट विस्तार मावतो. दहा चिन्हांत सगळी संख्यासृष्टी मावते हे ज्यांनी जगाला शिकवले, त्यांचा हात इथे आहे. कागदावर आपण डावीकडचे शून्य गाळतो, कारण त्याला किंमत नाही. यंत्रात ते गाळता येत नाही. ते घर अडवते, वीज घेते, आणि ते तिथे आहे म्हणूनच बाकीच्या बिटांची जागा ठरते.

दुसरे स्थान शून्याच्या गणिताचे. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले आणि तीत काही मिळवले वा तीतून काही काढले तरी ती बदलत नाही असे सांगितले. १९८५च्या आयईईई ७५४ या मानकानुसार चालणारा प्रोसेसर फ्लोटिंग पॉइंटच्या हिशेबात शून्येतर संख्येला शून्याने भागले तर ‘अनंत’ ही खूण देतो, आणि तिच्यात कोणतीही सांत संख्या मिळवली तरी ती तशीच राहते. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे ब्रह्मगुप्ताचे म्हणणे होते. आजचा प्रोसेसर ते मानत नाही, तो ‘ही संख्या नव्हे’ अशी खूण देतो. मानक लिहिणाऱ्यांनी भास्कराचार्य वाचले होते, असा माझा दावा नाही. प्रश्न एकच होता, आणि तो आपल्याकडे आठ-नऊशे वर्षांपूर्वी नीट विचारला गेला होता, एवढेच म्हणणे आहे. तेवढे पुरेसे मोठे आहे.

तिसरे स्थान मला सगळ्यांत प्रिय आहे, आणि त्याचा उल्लेख भाषणांत जवळजवळ कधीच होत नाही. पिंगलाच्या ‘छंदःशास्त्रा’त एक विधी आहे. इतक्या अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या मांडण्या किती, म्हणजे दोनचा तितकावा घात किती, ते काढायचे. अक्षरे सहा धरू. सहा सम आहे. अर्धे करा, खूण ‘दोन’. आले तीन, विषम आहे, एक वजा करा, खूण ‘शून्य’. आले दोन, अर्धे करा, खूण ‘दोन’. आला एक, तो वजा करा, खूण ‘शून्य’. आता खुणा शेवटाकडून वाचा. एकापासून सुरुवात. ‘शून्य’ दिसले की दुप्पट, ‘दोन’ दिसले की वर्ग. १ची दुप्पट २, २चा वर्ग ४, ४ची दुप्पट ८, ८चा वर्ग ६४. सहा अक्षरांच्या चौसष्ट मांडण्या.

या विधीतले शून्य काय आहे? ते राशी नाही, अभावही नाही. ‘इथे दुप्पट कर’ असे सांगणारी ती खूण आहे. आधी नोंदवून ठेवलेली, नंतर क्रमाने वाचली जाणारी, वाचणाऱ्याला पुढची कृती सांगणारी खूण. मेमरीतली बिटे याहून निराळे काय करतात? प्रोसेसरातले शून्य ब्रह्मगुप्ताच्या शून्यापेक्षा पिंगलाच्या या शून्याला जवळचे आहे. पिंगलापासून मँचेस्टरपर्यंत जाणारी कोणतीही ऐतिहासिक वाट नाही, आणि ती असल्याचे भासवू नये. पण विधी जिवंत आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात घात काढण्याच्या या पद्धतीचा मान पिंगलाला दिला आहे. आणि इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीत प्रचंड घात काढायचे असतात, तेव्हा वर्ग आणि गुणाकार यांची हीच जोडगोळी कामाला येते.

तेव्हा सिद्धान्त असा. संगणक शून्यातून निघाला नाही. दोन अवस्था ठाम राखण्याची अभियांत्रिकी, पत्ता असलेली मेमरी, तिच्यात ठेवलेल्या आज्ञा आणि उत्तरावरून वळण्याची सोय, यांनी तो घडला. आपल्या परंपरेचे त्याच्याशी खरे नाते आहे ते स्थानिक किमतीचे आणि विधीचे, म्हणजे काम पायऱ्यांत फोडून, खुणांनी नोंदवून, कुणाकडूनही बिनचूक करवून घेता येईल असे मांडण्याचे. ‘आम्ही शून्य दिले’ हे वाक्य मुलाच्या हाती निकाल देते. पिंगलाचा विधी त्याच्या हाती काम देतो. सहाच्या जागी तेरा घेऊन तो करून पाहताना मुलगी ज्या क्षणी थबकते आणि स्वतःच खुणा उलट्या वाचू लागते, त्या क्षणी तिला संगणक कळायला सुरुवात झालेली असते.

चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तो कोरवला. त्यात घराण्याची आणि आजोबांची स्तुती भरपूर आहे. अभिमानाला तो लाजला नाही. पण लेख तेवढ्यावर थांबत नाही. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ उभारल्याची आणि त्याच्या खर्चाला दान मिळाल्याची नोंद त्यात आहे. विज्ञान दिनाच्या पुढच्या भाषणात शून्याचा गौरव जरूर व्हावा. त्यानंतर फळ्यावर पिंगलाचा विधी मांडावा, मुलांच्या हाती एक चिप, चार तारा आणि एक दिवा द्यावा, आणि मोकळ्या तारेवर चिप काय वाचते ते त्यांचे त्यांना पाहू द्यावे. चांगदेवाच्या लेखातला दुसरा अर्धा भाग आपल्या वाट्याला आला आहे.